आधी राइक्सम्युझियम, मग आइसबार: ॲमस्टरडॅममधला एक दिवस नीट कसा लावायचा

ॲमस्टरडॅमला पहिल्यांदा येणाऱ्या मंडळींच्या यादीत दोन गोष्टी हमखास असतात, एक राइक्सम्युझियम (म्हणजे डच कला आणि इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय) आणि दुसरी "ते बर्फाचं बार". आणि नव्वद टक्के लोक ह्या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी टाकतात कारण त्यांना वाटतं की एक सिरीयस आहे आणि दुसरी टाइमपास, दोघांचा काय संबंध. संबंध आहे, चांगलाच आहे, आणि तो कळला तर अर्ध्या तासाच्या त्या बारमधे नुसते सेल्फी काढून बाहेर पडण्यापेक्षा जरा जास्त मजा येते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, ज्यांनी आधी दोन्हीपैकी काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी.

आधी संबंध काय ते सांगतो. आम्स्टल नदीच्या काठावर, रेम्ब्रांटप्लाइन चौकाच्या मागे जो एक्स्ट्राकोल्ड आइसबार आहे त्याची थीमच विलेम बारेंट्स ह्या डच दर्यावर्दीची आहे. हा माणूस १५९६ मधे उत्तरेकडून चीनला जायचा रस्ता शोधायला निघाला आणि रशियाच्या उत्तरेकडच्या नोव्हा झेम्बला बेटापाशी त्याचं जहाज बर्फात अडकलं. आता कुठे जाणार? वाहून आलेली लाकडं आणि जहाजाच्या फळ्या वापरून त्यांनी तिथेच एक घर बांधलं आणि अख्खा हिवाळा त्यात काढला. ते घर तसंच रिकामं पडून राहिलं, आणि १८७१ मधे कार्लसन नावाच्या नॉर्वेजियन कॅप्टनला सापडलं, आतल्या सामानासकट. आणि ते सामान आज कुठे आहे? राइक्सम्युझियममधे. म्हणजे खऱ्या वस्तू म्युझियममधे आणि त्याच गोष्टीचा नाटकी अवतार बारमधे, दोन्हीमधे चालत वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर. अशी जोडी फुकट मिळत असताना वेगवेगळे दिवस कशाला घालवायचे.

पायरी १: क्रम ठरवा (खरं तर ठरवायचं काही नाही)

म्युझियम आधी, बार नंतर. उलटं करू नका. राइक्सम्युझियम रोज सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडं असतं, वर्षाचे ३६५ दिवस, सोमवारची सुट्टी वगैरे भानगड नाही. बार रात्री उशिरापर्यंत चालतं. त्यामुळे घड्याळच क्रम ठरवून देतं. शिवाय दोन-तीन ड्रिंक्स घेऊन चारशे वर्षं जुन्या चित्रांसमोर डुलत उभं राहणं हा काही चांगला प्लॅन नाही, आणि म्युझियममधे पायांची जी वाट लागते ती बघता नंतर बसायला, प्यायला, गप्पा मारायला काहीतरी असलेलं बरं वाटतं.

सकाळी ९ च्या ठोक्याला जायचं की दुपारी, हा खरा प्रश्न. सकाळी ९ ला गर्दी कमी असते, मान्य, पण मग तुम्ही १ वाजता थकून बाहेर पडणार आणि संध्याकाळच्या बारपर्यंत मधे मोठी पोकळी राहणार, हॉटेलवर गेलात की पुन्हा उठून बाहेर पडायचा कंटाळा येतो हे सगळ्यांना माहितीये. माझं मत: बार त्याच दिवशी करायचं असेल तर दीड-दोनच्या सुमाराचा स्लॉट घ्या. दुपारी तीननंतर ग्रुप टूर्स ओसरायला लागतात आणि शेवटचा दीड तास दालनं बऱ्यापैकी मोकळी मिळतात. फक्त ५ ला बंद म्हणजे ५ ला बंद, पावणेपाचच्या आसपास तुम्हाला गोड बोलून दरवाज्याकडे वळवायला सुरुवात होते, तेव्हा मुख्य गोष्टी शेवटी ठेवू नका.

पायरी २: तिकिटं

दोन्हीकडे वेळेचा स्लॉट असतो आणि दोन्ही ऑनलाइन काढता येतात. राइक्सम्युझियमला स्टार्ट टाइम निवडावाच लागतो. म्युझियमकार्ट (डच म्युझियमांचा वर्षभराचा पास) असेल तर वेळ बुक करावी लागते का ते आधी बघून घ्या. मोठ्यांचं तिकीट पंचवीस युरोच्या आसपास जातं, १८ वर्षांखालच्या मुलांना फुकट, पण मुलांचं फुकटचं तिकीटही बुकिंगमधे टाकायचं असतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आत शिरायची वेळ ठरलेली असते, बाहेर पडायची नाही, बंद होईपर्यंत थांबा.

आइसबारचं तिकीटही साधारण वीस-पंचवीस युरोच्या घरात जातं आणि त्यात ड्रिंक्स धरलेली असतात, एक आधी गरम लाउंजमधे आणि बाकीची आत बर्फात. म्हणजे तिकीट महाग वाटलं तरी आत गेल्यावर परत पाकीट काढायची वेळ सहसा येत नाही. शुक्रवार-शनिवारी रात्री तिथे बॅचलर पार्ट्या येतात, टोप्या आणि शिट्ट्यांसकट. ते आवडत असेल तर जा, नाहीतर आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी ७ च्या आसपासचा स्लॉट घ्या. म्युझियम संपणं आणि बार सुरू होणं ह्यात दोन तास ठेवा. एक तास कमी पडतो कारण मधे जेवण आणि चालणं आहे, आणि तीन तास ठेवले तर पावसात काय करायचं हा प्रश्न येतो (पाऊस येणार, धरूनच चाला).

आणि आयडी. नेदरलँड्समधे दारूसाठी वय १८ पूर्ण लागतं आणि तुम्ही जरा तरुण दिसत असाल तर विचारतात. पासपोर्ट किंवा त्यासारखं खरं कागदपत्र जवळ ठेवा.

पायरी ३: अंगावर काय आणि बॅगेत काय

इथे थोडा विचार करा कारण एकाच दिवशी तुम्ही दोन टोकाच्या हवामानात जाणार आहात. म्युझियममधे चित्रांसाठी तापमान वीस-एकवीस अंशांच्या आसपास राखलेलं असतं, आणि बारमधे उणे १० च्या आसपास. बारमधे जाड कोट आणि हातमोजे तेच देतात. पण कोट म्हणजे वरचा भाग. पायांचं काय? उन्हाळ्यात सँडल घालून गेलेले लोक दहाव्या मिनिटाला एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत असतात. बंद बूट आणि बरे मोजे घाला, पुरे आहे. म्युझियममधे चालण्यासाठी पण तेच लागतात. बायकांनी साडी किंवा पातळ लेगिंग घातली असेल तर बॅगेत आणखी एक मोज्यांची जोडी टाकून ठेवा.

मोठ्या बॅगा, छत्र्या, पाठीवरच्या सॅक म्युझियममधे आत नेता येत नाहीत, क्लोकरूममधे ठेवायच्या, त्याचे पैसे नाहीत. एअरपोर्टवरून सुटकेस घेऊन थेट येऊ नका, सेंट्रल स्टेशनवर लॉकर आहेत.

चष्मेवाल्यांसाठी आणि कॅमेरावाल्यांसाठी एक गोष्ट: थंडीतून गरम हवेत आलात की काच लगेच धुरकट होते. आत जाताना काही होत नाही, बाहेर येताना होतं. कॅमेरा असेल तर बारमधून बाहेर पडायच्या आधीच बॅगेत बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटं उघडू नका, पाणी बॅगेवर जमेल, लेन्सवर नाही. फोनची बॅटरी थंडीत भराभर उतरते, ४० टक्क्यांवरून फोन धाडकन बंद पडलेला बघितलाय. कोटाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, फोटोपुरता बाहेर काढा. दिवसभर म्युझियममधे फोटो काढून बॅटरी आधीच अर्धी झालेली असते म्हणून पॉवर बँक हवीच.

पायरी ४: तिथे पोचणं

सेंट्रल स्टेशनवरून २ नंबरची ट्राम म्युझियमच्या दारात सोडते. मेट्रोने यायचं असेल तर ५२ नंबरची लाइन, व्हेइझलख्राख्त स्टेशन, तिथून दहा मिनिटं चालत. वेगळं तिकीट काढायची गरज नाही, कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा फोन टॅप करा, चढताना एकदा आणि उतरताना एकदा. उतरताना टॅप करायचं विसरलं की जास्तीचे पैसे कापले जातात. भारतातलं कार्ड असेल तर इंटरनॅशनल आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही पर्याय बँकेच्या ॲपमधे चालू केलेत का ते घरूनच बघून निघा.

म्युझियमच्या इमारतीच्या पोटातून एक बोगद्यासारखा रस्ता जातो आणि त्यातून सायकली जातात, सुसाट. प्रवेशाचे दरवाजे ह्याच रस्त्यात आहेत. लोक वर कमानी बघत चालतात आणि सायकलवाला घंटी वाजवून अंगावर येतो. सायकलीच्या पट्ट्यात उभं राहून फोटो काढायचा नाही, एवढा एक नियम ह्या शहरात पाळलात तर बाकी सगळं माफ.

पायरी ५: म्युझियमच्या आत काय बघायचं

मोठमोठ्या ८० दालनांत मिळून ८००० च्या आसपास वस्तू मांडलेल्या आहेत. तीन तासात सगळं बघायचा प्रयत्न केलात तर काहीच लक्षात राहणार नाही. आणि मजल्यांचा क्रमही सरळ नाहीये: तळमजल्यावर ११०० ते १६००, पहिल्या मजल्यावर १७०० ते १९००, आणि मधलं शतक, म्हणजे सतरावं, ज्यासाठी सगळे येतात, ते दुसऱ्या मजल्यावर. विसावं शतक वर तिसऱ्या मजल्यावर. त्यामुळे खालून सुरू करून क्रमाने वर जायचा विचार सोडा, थेट दुसरा मजला गाठा. आजच्या दिवसासाठी लागणारं सगळं तिथेच आहे.

दुसऱ्या मजल्यावर मधोमध गॅलरी ऑफ ऑनर आहे, तिच्या टोकाला रेम्ब्रांटचं "नाइट वॉच". १६४२ चं चित्र, जवळजवळ पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद, आणि मूळचं ह्याहूनही मोठं होतं, १७१५ मधे टाउन हॉलच्या भिंतीवर बसेना म्हणून चारी बाजूंनी कापलं. होय, कापलं. २०१९ पासून त्यावर संशोधन आणि दुरुस्तीचं काम चालू आहे, आणि ते सगळ्यांसमोर काचेच्या खोलीत चालतं, त्यामुळे चित्राच्या पुढ्यात एखादी रेस्टोरर बाई डोळ्याला भिंग लावून बसलेली दिसू शकते. लोक कुरकुरतात की नीट फोटो मिळाला नाही. मला उलट ते जास्त भारी वाटतं, पूर्ण झालेलं चित्र तर पोस्टकार्डवर पण मिळतं. त्याच गॅलरीत व्हर्मीर ह्या डच चित्रकाराची दूध ओतणारी बाई आहे, एवढीशी आहे, पुढे गर्दी असते, पाच मिनिटं थांबलात की पुढे जायला मिळतं.

पण आजचा खरा विषय बर्फ. त्यासाठी दोन ठिकाणं.

पहिलं, हेन्ड्रिक आव्हरकांपचं हिवाळ्याचं चित्र, साधारण १६०८ चं. युरोपात त्या काळात कडाक्याचे हिवाळे पडत, कालवे गोठत आणि अख्खं गाव बर्फावर उतरायचं. आव्हरकांप मुका होता, लोक त्याला "कांपेनचा मुका" म्हणायचे, बहुतेक ऐकूही येत नसावं, आणि चित्र बघितलं की वाटतं ह्या माणसाने आयुष्यभर नुसतं बघितलंय. जवळ जाऊन उभे रहा, घाई करू नका. डाव्या कोपऱ्यात खाली एक जुनं दार काठीने टेकवून ठेवलंय, तो पक्षी पकडायचा सापळा आहे. त्याच बाजूला मेलेल्या जनावराला कुत्रा आणि कावळा खातायत. कोणीतरी चड्डी खाली करून बसलंय. प्रेमी आहेत, आपटलेले आहेत, नटूनथटून मिरवणारे आहेत. आणि डावीकडची मोठी इमारत, ती बिअर बनवायची जागा आणि खानावळ, तिच्यासाठी बर्फाला भोक पाडून पाणी काढतायत. म्हणजे बर्फ आणि दारू ही जोडी ह्या देशात आइसबारवाल्यांनी शोधलेली नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे नोव्हा झेम्बलाचं सामान. तेही ह्याच मजल्यावर, सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दालनांपाशी, सापडलं नाही तर तिथल्या गार्डला सरळ "नोव्हा झेम्बला?" एवढंच विचारा, हाताने दाखवतात. बहुतेक लोक ह्या काचेच्या कपाटापुढून न थांबता निघून जातात कारण त्यात सोनं नाही, चित्र नाही, जुनी भांडी आणि गंजलेल्या वस्तू. तुम्ही मात्र थांबा. इथे घालवलेली पंधरा मिनिटं रात्री कामाला येणार आहेत.

बघा काय काय आहे: घड्याळ, मेणबत्तीचे स्टँड, बूट, तांब्याची-कथलाची भांडी. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे छापील चित्रं. हे लोक चीनला व्यापार करायला निघाले होते ना, तर विकायला म्हणून छापील चित्रांचे गठ्ठे बरोबर घेतले होते. ते गठ्ठे पावणेतीनशे वर्षं बर्फात पडून एकमेकांना चिकटून कागदाचा एक लगदा झाला होता, आणि म्युझियमच्या लोकांनी विसाव्या शतकात ते एकेक पान करून सोडवले. उणे तीस-चाळीस अंशांत, अस्वलांच्या शेजारी, ह्या लोकांकडे विकायला चित्रं होती, हा विचार डोक्यात घेऊन मग बाकीची दालनं बघा.

त्या हिवाळ्याची गोष्ट थोडक्यात, कारण बारमधे ती इतक्या नीट कोणी सांगत नाही. हेमस्केर्क आणि बारेंट्स हे प्रमुख, एकूण १७ जण, त्यातला सुतार घर बांधून व्हायच्या आधीच मेला. त्यांच्यातल्या खेरिट द वेअर ह्याने रोजनिशी ठेवली म्हणून आपल्याला सगळं माहिती आहे. घड्याळ गोठून बंद पडलं, मग वाळूच्या घड्याळावर वेळ मोजली. डिसेंबरमधे थंडी असह्य झाली म्हणून दार-धुराडं सगळं बंद करून दगडी कोळसा पेटवला आणि धुराने सगळेच मरायला टेकले, कोणीतरी धडपडत जाऊन दार उघडलं म्हणून वाचले. कोल्हे पकडून खाल्ले. ५ जानेवारीला सणाचा दिवस म्हणून उरलीसुरली वाइन काढली, पॅनकेक केले, आणि चिठ्ठ्या टाकून तोफखान्याच्या माणसाला नोव्हा झेम्बलाचा राजा केला! पुढे जानेवारीत सूर्य हिशोबापेक्षा दोन आठवडे आधीच दिसला, कोणाचा विश्वास बसेना. थंड हवेच्या थरांमुळे प्रकाश वाकतो आणि क्षितिजाखालचा सूर्य वर दिसतो, ह्या प्रकाराला आजही नोव्हा झेम्बला इफेक्ट म्हणतात. जून १५९७ मधे दोन उघड्या होड्यांतून निघाले, आठवडाभरातच २० जूनला बारेंट्स गेला, आणि १२ जण नोव्हेंबरच्या १ तारखेला ॲमस्टरडॅमला पोचले.

आणि बिअर. द वेअर लिहितो की बिअर गोठून पिंपाचा तळ फुटला, आणि जो थोडा भाग गोठला नाही त्यात सगळा जोर उतरला होता, गोठलेला भाग वितळवला तर नुसतं पाणी. हे लक्षात ठेवा, बारमधे परत येतोय ह्यावर.

फोटो काढायला परवानगी आहे, फ्लॅश नाही. मधे पाय दुखले तर खाली एट्रियममधे कॅफे आहे. वेळ उरला तर म्युझियमचीच जुनी कायपर्स लायब्ररी वरच्या गॅलरीतून बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. म्युझियमच्या बाहेरची बाग फुकट आहे आणि ५ नंतर बसायला बरी जागा आहे, उन्हाळ्यात तर रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरमधे मात्र साडेचारलाच अंधार, तेव्हा थेट चालायला लागा.

पायरी ६: मधलं चालणं आणि जेवण

ट्राम घेऊ नका, चाला. म्युझियमच्या शहराकडच्या बाजूने पूल ओलांडला की समोर श्पीखलख्राख्त, तसंच सरळ पुढे निवे श्पीखलस्त्रात. हा अँटिकवाल्यांचा रस्ता आहे, काचेतून बघायला पैसे पडत नाहीत. रस्ता संपतो तिथे हेरेनख्राख्त कालवा लागतो. उजवीकडे वळा. इथला कालव्याचा भाग "सोनेरी वळण" म्हणून ओळखला जातो, सतराव्या शतकातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांची घरं इथे, दुप्पट रुंदीची. कालव्याच्या कडेकडेने पुढे गेलात की रेखुलिर्सख्राख्तचा कोपरा येतो, तिथून एकामागे एक सात पुलांच्या कमानी दिसतात, संध्याकाळी दिवे लागल्यावर जास्त छान. त्याच कोपऱ्यावरून डावीकडे टोर्बेकेप्लाइनमधून गेलं की रेम्ब्रांटप्लाइन. मधोमध रेम्ब्रांटचा ओतीव लोखंडाचा पुतळा उभा आहे, १८५२ चा.

जेवण बारच्या आधी. हे ऐच्छिक नाहीये. रिकाम्या पोटी कॉकटेल, मग थंडीत आणखी दोन, मग पुन्हा गरम हवा, ह्यात भल्याभल्यांचं डोकं गरगरतं. रेम्ब्रांटप्लाइनच्या चौकातलीच हॉटेलं टाळा, तिथे तुम्ही जागेचे पैसे देता. चौकाला लागून उट्रेख्टसेस्त्रात नावाचा रस्ता आहे, तिथे दोन्ही बाजूंना बऱ्या खाण्याच्या जागा आहेत. आणि शहरात सुरिनामी रोटी मिळते ती एकदा खाऊन बघाच: १८७३ पासून भारतातून सुरिनामला (दक्षिण अमेरिकेतली तेव्हाची डच वसाहत) गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी इथे आणलेली, बटाटा, चवळीच्या लांब शेंगा आणि मऊ रोटी, शाकाहारी पण असते. घाईत असाल तर फेबो ह्या फास्टफूडच्या दुकानात भिंतीतल्या खणातून कासूफले घ्या, आत वितळलेलं चीज, शाकाहारी. पहिला घास सांभाळून, तोंड भाजतं.

पायरी ७: बार

रेम्ब्रांटप्लाइनच्या मागच्या गल्लीतून नदीकाठी आलात की आम्स्टल १९४-१९६, हाच बारचा पत्ता. पलीकडच्या काठावर ऑपेराची मोठी इमारत दिसते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे माहीत नसतं की आत गेल्या गेल्या बर्फ नाही. आधी साधं गरम लाउंज, तिथे पहिलं ड्रिंक, मग तुमचा ग्रुप झाला की कोट आणि हातमोजे, आणि मग आत. बर्फात एकूण वेळ साधारण अर्धा तास. लोकांना वाटतं अख्खी संध्याकाळ तिथे बसायचं, तसं नाहीये आणि तसं बसवणारही नाही. वीस मिनिटांनी तुम्हीच दरवाज्याकडे बघायला लागता.

आत सगळं बर्फाचं, भिंती, काउंटर, बसायच्या जागा, ग्लास. ही कल्पना मूळची स्वीडनच्या युक्कासयार्वी गावातल्या बर्फाच्या हॉटेलची, तिथून जगभर पसरली. थोडा लाइट-साउंडचा मामला, थोडा 4डी शो, बारेंट्स आणि त्याचं ते घर. नाटकी आहे, हो. पण दुपारी त्यांचे खरे बूट बघून आलेल्या माणसाला ते वेगळं दिसतं, आणि बाकीचे लोक "हा बारेंट्स कोण" म्हणत असतात तेव्हा तुम्ही तोफखान्याचा माणूस राजा कसा झाला ते सांगू शकता.

ग्लास बर्फाचा आहे, तर तो हातमोज्यानेच धरा आणि ओठ ओले करून एकाच कडेने प्या, कड वितळून तिथे गुळगुळीत होते. कोरडे ओठ लावलेत तर जरासे चिकटतात, घाबरू नका, ओढू मात्र नका. रिकामा झालेला ग्लास खाली आपटायची हौस असते काहींना, बाजूच्यांच्या पायांचा विचार करा.

आता काय प्यायचं. इथे द वेअरची बिअर परत आली. साधी बिअर उणे दोन-तीन अंशांला गोठायला लागते, ४० टक्क्यांची व्होडका उणे २५ च्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. उणे १० मधे बिअर घेऊन गप्पा मारत बसलात तर तिचा चुरा व्हायला लागतो, व्होडका मात्र आहे तशीच राहते, फक्त जराशी दाट लागते. बिअर घेतलीत तर पटापट प्या, किंवा मुद्दाम दहा मिनिटं ठेवून बघा, मधला न गोठलेला घोट कडक लागतो की नाही ते. अख्ख्या बारमधला सगळ्यात इंटरेस्टिंग प्रयोग हाच आहे आणि तो तिकिटातच येतो.

दारूने अंग गरम होतं हा भ्रम सोडा. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून ऊब *वाटते*, प्रत्यक्षात शरीर जास्त वेगाने उष्णता गमावतं. अर्ध्या तासात काही होत नाही, पण तिथे कोट उघडा टाकून हिरोगिरी करू नका. दमा असेल तर इनहेलर जवळ ठेवा, कोरडी थंड हवा एकदम छातीत जाते. बाहेर पडायचं असेल तर कधीही पडता येतं, वेळ संपेपर्यंत अडकून राहावं लागत नाही.

न पिणाऱ्यांना ज्यूस मिळतो, त्याच बर्फाच्या ग्लासात. लहान मुलांना न्यायचं असेल तर दिवसाचे स्लॉट बघा, रात्रीच्या गर्दीत मजा नाही, आणि बुक करताना मुलांचा नियम वाचून घ्या. मग क्रम थोडा बदला: म्युझियम सकाळी ९ ला, बार दुपारी. मुलांना म्युझियममधे आधी आव्हरकांपसमोर उभं करा आणि "चड्डी खाली केलेला माणूस शोध" म्हणा, दहा मिनिटं तुम्ही मोकळे.

बर्फ नको असेल तर

सगळ्यांनाच थंडीत उभं राहून प्यायची हौस नसते, आई-बाबा बरोबर असतील तर नसतेच. मग डाम चौकाच्या मागे पाइल्सस्टेख गल्लीत विनांड फोकिंक आहे, १६७९ पासूनची दारू चाखायची जागा. खुर्च्या नाहीत, लाकडी काउंटर, आणि येनेव्हर नावाची डच दारू छोट्या ट्युलिपसारख्या ग्लासात अगदी काठोकाठ भरतात, इतकी की उचलला तर सांडणारच. त्यामुळे पहिला घोट हात मागे बांधून, काउंटरवर वाकून, ग्लास न उचलता घ्यायचा. चारचौघात वाकून फुर्रर करून पिणं हेच तिथलं शिष्टाचाराचं. ही जागा लवकर बंद होते, त्यामुळे म्युझियम संपलं की आधी इथे या, जेवण नंतर. उभं राहावं लागतं हे मात्र गुडघेवाल्यांना आधी सांगून ठेवा.

राइक्सम्युझियमऐवजी व्हॅन गॉगचं म्युझियम करायचं असेल तर तेही त्याच मैदानावर आहे, पण तिथे तिकीट फक्त ऑनलाइन आणि चांगले स्लॉट बरेच दिवस आधी संपतात. तिथे १८८७ चं एक छोटं चित्र आहे, कॅफेच्या टेबलावर ॲब्सिंथ नावाच्या कडक दारूचा ग्लास. बारच्या आधी बघायला तेही काही वाईट नाही. दोन्ही म्युझियमं एकाच दिवशी आणि वर बार, असा प्लॅन करणारे लोक भेटतात, त्यांचे चेहरे संध्याकाळी बघण्यासारखे असतात.

पायरी ८: परत जाणं

रेम्ब्रांटप्लाइनवरून ४ आणि १४ नंबरच्या ट्राम, वॉटरलूप्लाइनवरून मेट्रो, दोन्ही मध्यरात्रीनंतर थोडा वेळच चालतात, मग रात्रीच्या बस. हातात बिअरचा कॅन घेऊन रस्त्याने फिरू नका, सेंटरच्या बऱ्याच भागात रस्त्यावर प्यायला बंदी आहे आणि दंड होतो. भाड्याची सायकल घेऊन आला असाल तर ती तिथेच लावून ठेवा आणि सकाळी येऊन घ्या, पिऊन सायकल चालवणं इथे गुन्हा आहे, आणि कालव्यांना बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत.